पहिला मजला कुणाचा?

वाचकांचे पत्र:

‘आमचे घर मालवणहून देवबागला जाणाऱ्या वाटेवर आहे. गेली सहा वर्षे घरातल्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पूर्वी मुंबई-पुण्याची आणि कोल्हापूरची मंडळी येत. आता थंडीच्या दिवसांत इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाचे पाहुणेही येतात आणि त्यांच्याशी सगळा पत्रव्यवहार मीच करते. माझे शिक्षण बारावीपर्यंत. शाळेत शिकले तेवढेच इंग्रजी. मुलगी मुंबईत नोकरी करते. ती सुट्टीत आली की माझी उत्तरे वाचते आणि ‘व्हाइल्स्ट’ जुनाट वाटते, ‘काइंडली’ लिहू नकोस, ‘रिव्हर्ट’चा अर्थ तो नव्हे, असे सांगत राहते. मागच्या जानेवारीत एका अमेरिकन बाईंनी आईचे गुडघे दुखतात म्हणून ‘फर्स्ट फ्लोअर’ची खोली मागितली. मी माडीवरची खोली झाडूनपुसून तयार ठेवली. त्या आल्या, आणि त्यांची आई जिन्याखाली उभी राहून नुसती वर बघत राहिली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आता दाराला आणि खोल्यांत इंग्रजी पाट्या रंगवून घ्यायच्या आहेत. ‘टॉयलेट’ लिहावे की ‘वॉशरूम’? ‘लर्न्ट’ बरोबर की ‘लर्न्ड’? ‘गॉटन’ चूक आहे का? एका इंग्रज पाहुण्यांनी ‘रूम क्वाइट गुड’ असा अभिप्राय दिला, त्याचा आनंद मानावा का? येत्या डिसेंबरात येणाऱ्या ब्रिटिश जोडप्याने ‘हाफ सिक्स’ला पोचतो असे कळवले आहे, म्हणजे नेमके किती वाजता? औपचारिक इंग्रजी म्हणून कोणते धरावे?’

– एक वाचक, मालवण तालुका

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या जिन्यापासूनच सुरुवात करते, कारण तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांचे मूळ त्या जिन्याखाली आहे. त्या दिवशी तुमचे इंग्रजी चुकले नव्हते आणि त्या बाईंचेही नव्हते. इंग्लंडमध्ये जमिनीलगतचा तो ‘ग्राउंड फ्लोअर’ आणि त्याच्यावरचा तो ‘फर्स्ट फ्लोअर’. इंग्रजी आपण इंग्रजांकडून घेतले म्हणून आपली मोजणीही तीच राहिली. अमेरिकेत मात्र जमिनीलगतच्या मजल्यालाच बहुधा ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणतात. आपल्या जुन्या घरांत मजले मोजायची रीतच नव्हती. खळे, ओटी, माजघर, माडी अशी प्रत्येक जागेला स्वतःची ओळख होती आणि ‘माडीवर’ म्हटले की जिना चढावा लागणार हे सांगावे लागत नसे. तेव्हा यापुढे खोलीविषयी लिहिताना मजल्याचा आकडा घालूच नका. ‘ग्राउंड लेव्हल, नो स्टेअर्स’ किंवा ‘अपस्टेअर्स, ट्वेल्व्ह स्टेप्स’ असे, पायऱ्या मोजून, लिहा. ते लंडनला कळते, शिकागोला कळते आणि सिडनीलाही कळते.

शब्द निवडताना तीन गोष्टी बघाव्या लागतात: अर्थ पोचतो का, अदब राखली जाते का, आणि स्पेलिंग नीट आहे का. त्या याच क्रमाने बघाव्यात. आपण शाळेत शिकलेली माणसे बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. एक ‘यू’ घालावा की गाळावा यावर अर्धा तास घालवतो आणि गुडघे दुखणाऱ्या पाहुणीला माडीवर पाठवतो. हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. पंचवीसहून अधिक वर्षे रत्नागिरीत मुलांना इंग्रजी शिकवताना मी स्वतः हाच उलटा क्रम शिकवत आले, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

आता औपचारिक आणि अनौपचारिक यांविषयी. शब्दाच्या कपाळावर ‘औपचारिक’ असा शिक्का मारलेला नसतो. ऐकणाऱ्याचा कान कुठे घडला त्यावर ते ठरते. तुमच्या घरात ‘घोव’ हा अगदी साधा शब्द आहे, त्यात ना थट्टा ना अनादर. तोच शब्द पुण्यात उच्चारला तर ऐकणारा हसेल, कारण त्याच्या कानाला तो गावरान वाटतो. त्याच्याकडे ‘नवरा’ हा साधा शब्द. चार माणसांत ‘यजमान’ किंवा ‘मिस्टर’. सरकारी अर्जात ‘पती’. माणूस एकच, पण कोणता शब्द कुठल्या पायरीवर बसतो हे गावागणिक बदलते. ‘नीज’ घ्या. मालवणीत माणसे रोज निजतात. देशावर ‘झोप’ रुळली आणि ‘नीज’ बरीचशी अंगाईत आणि कवितेत उरली. म्हणजे एकाच भाषेत एका किनाऱ्यावरचा रोजचा शब्द दुसऱ्या ठिकाणी जुना, सजवलेला वाटतो. इंग्रजीत नेमके हेच झाले आहे, फक्त मध्ये सह्याद्रीऐवजी अटलांटिक महासागर आहे.

‘गॉटन’ची कथा हीच. हे रूप अमेरिकनांनी नव्याने काढलेले नाही. ते इंग्लंडमधूनच जहाजात बसून गेले, तिकडे टिकले, आणि मागे इंग्लंडमध्ये ते हळूहळू मावळून ‘गॉट’ उरले. ‘फरगॉटन’ आणि ‘इल-गॉटन’ या शब्दांत ते तिथेही अजून जिवंत आहे. शरद ऋतूला अमेरिकन माणूस ‘फॉल’ म्हणतो, तोही एके काळी इंग्लंडातच बोलला जाणारा शब्द. पुढे तिथे ‘ऑटम’ रुळला. अमेरिकनांच्या शब्दांविषयीची तक्रारही जुनी आहे: ‘अमेरिकनिझम’ हा शब्द १७८१ साली जॉन विदरस्पून या मूळच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने वापरात आणला, तो तिकडच्या बोलण्यातल्या खोडी दाखवताना. माझ्या वर्गात एका मुलाने निबंधात ‘हॅड गॉटन’ लिहिले होते. मी लाल शाईने ते खोडले आणि वर्गात उभे करून त्याला ‘गॉट’ म्हणायला लावले. त्याचा मामा न्यू जर्सीत होता आणि मुलाने मामाच्या पत्रातले वाक्य जसेच्या तसे शिकून घेतले होते, हे मला नंतर कळले. अमेरिकन लिखाणात ‘गॉटन’ शुद्ध आहे. ‘मिळवले’ किंवा ‘झाले’ या अर्थी तिकडे तेच लिहितात, आणि ‘माझ्याकडे आहे’ या अर्थी ‘हॅव गॉट’ म्हणतात. ब्रिटिश वाचकाला ते रूप अमेरिकन वाटते. तुम्हाला ते वापरण्याचे कारण नाही, पण पाहुण्याने वापरले तर त्याला चूक समजू नका.

‘व्हाइल्स्ट’च्या बाबतीत मुलीचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. इंग्लंडमध्ये तो शब्द अजून चालतो, जरा ठेवणीतला वाटतो एवढेच. अमेरिकन कानाला मात्र तो दोनशे वर्षांपूर्वीचा वाटतो. ‘व्हाइल’ दोन्हीकडे साधा आहे, कुठेही खटकत नाही, आणि औपचारिक पत्रातही कमी पडत नाही. ‘अमंग’ आणि ‘अमंग्स्ट’ यांचेही तेच. अशी जोडी समोर आली की जो शब्द सगळीकडे साधा आहे तो घ्यावा, ही माझी या सदरातली सगळ्यांत ठाम शिफारस समजा. ‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’ दोन्ही ब्रिटिश इंग्रजीत चालतात. अमेरिकेत ‘लर्न्ड’च लिहितात. एका पत्रात दोन्ही रूपे येऊ देऊ नका, इतकेच पुरे.

पाटीकडे वळते, कारण रंगाऱ्याला तुम्ही घाईने बोलावाल. या एका जागेसाठी प्रत्येक समाज शब्द बदलत राहतो, कारण शब्द रुळला की त्याला वास येऊ लागतो आणि मग नवा आडपडदा लागतो. आपल्याकडेच बघा: ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेला’, ‘संडास’, ‘शौचालय’, आणि आता खेड्यातही ‘वॉशरूम’. इंग्लंडमध्ये ‘टॉयलेट’ हा साधा, सभ्य शब्द आहे आणि घरगुती बोलण्यात ‘लू’. अमेरिकेत ‘टॉयलेट’ म्हटले की मुख्यतः भांडे डोळ्यांसमोर येते, म्हणून तो शब्द तिथे जरा उघडा वाटतो. घरात ते ‘बाथरूम’ म्हणतात, बाहेर ‘रेस्टरूम’. ‘वॉशरूम’ हा कॅनडातला नेहमीचा शब्द. उलट इंग्लंडचा माणूस ‘बाथरूम’ वाचून अंघोळीच्या टबाची अपेक्षा करू शकतो. माझा सल्ला असा की दारावरच्या पाटीला ‘टॉयलेट’ हाच शब्द ठेवावा. तो इंग्रजी मातृभाषा नसलेल्या फ्रेंच आणि जर्मन पाहुण्यांनाही एका नजरेत कळतो, आणि पाटीवरचा शब्द अमेरिकन पाहुण्याला लागत नाही, कारण विमानतळांवर तो त्याने कितीदा तरी वाचलेला असतो. पत्रात मात्र ‘प्रायव्हेट बाथरूम विथ टॉयलेट अँड शॉवर’ असे सगळे लिहून टाका. शॉवर नसेल आणि चुलीवरचे गरम पाणी बादलीतून देत असाल तर तेही स्पष्ट लिहा. ‘बकेट बाथ’ हा आपल्याकडचा प्रयोग आहे, तिकडच्या माणसाला त्यातून चित्र उभे राहत नाही. ‘वुई गिव्ह हॉट वॉटर इन अ बकेट, विथ अ मग’ असे लिहिले तर पाहुणा आनंदाने तयारीत येईल.

तुमच्या पत्रातला मला सर्वांत जवळचा वाटलेला भाग अदबीचा आहे. तुम्ही सोबत पाठवलेल्या उत्तराची पहिली ओळ ‘रिस्पेक्टेड सर, काइंडली रिव्हर्ट बॅक अँड डू द नीडफुल’ अशी आहे. हे वाक्य लिहिताना तुमच्या मनात केवळ नम्रता होती, हे मी पूर्णपणे जाणते, कारण आपण सगळे हेच शिकलो. पण ‘काइंडली’ तिकडच्या कानाला बहुधा थंड आणि थोडे रागावलेले वाटते. नोटीस लावणारा माणूस ‘काइंडली’ म्हणतो, यजमानीण ‘प्लीज’ म्हणते. ‘डू द नीडफुल’ इंग्रजांनीच आपल्या कचेऱ्यांत आणले. त्यांच्याकडे ते मावळत गेले आणि आपल्या टपालात राहिले. ‘रिव्हर्ट’चा त्यांचा अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे, त्यामुळे ‘रिप्लाय’ किंवा ‘लेट मी नो’ लिहावे. ‘रिस्पेक्टेड सर’ ऐवजी ‘डिअर’ आणि पुढे पाहुण्याचे आडनाव; त्याने स्वतः पत्राखाली नुसते पहिले नाव लिहिले असेल तर दुसऱ्या पत्रापासून तुम्हीही त्याच नावाने लिहू शकता. आपल्याला हे जड जाते. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे आपल्या जिभेला जमत नाही, आणि जमत नसेल तर आडनावच ठेवा, त्यात काही बिघडत नाही. मात्र प्रत्येक वाक्यात ‘सर’ घातले की ब्रिटिश पाहुणा अवघडतो; अमेरिकेच्या दक्षिणेकडचा पाहुणा उलट स्वतःच तुम्हाला ‘मॅम’ म्हणेल, कारण तिकडे ती रोजची रीत आहे.

‘शॅल’विषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या उत्तरात तो दोनदा आला आहे म्हणून सांगते. ‘शॅल आय सेंड द रिक्षा?’ हे इंग्लंडमध्ये गोड, आपुलकीचे वाक्य आहे. अमेरिकेत ‘शॅल’ मुख्यतः कायद्याच्या कागदांत उरला आहे. ‘वुड यू लाइक मी टु सेंड अ रिक्षा?’ हे वाक्य दोन्हीकडे तितक्याच मायेने ऐकले जाते. ‘डोंट’, ‘आय’ल’ अशी जोडरूपे बोलण्यात आणि छोट्या निरोपात शोभतात. खोलीचे भाडे, आगाऊ रक्कम, रद्द करण्याच्या अटी लिहिताना पूर्ण रूपे लिहावीत. ‘किड्स’ अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे चालतो, पण पाटीवर ‘चिल्ड्रन’ लिहा. हे भेद कोणत्याही देशाचे नाहीत, प्रसंगाचे आहेत.

‘क्वाइट गुड’वर मला थोडे हळू बोलावे लागेल. अमेरिकन माणसाने ते लिहिले असते तर त्याचा अर्थ ‘खूपच छान’ असा झाला असता आणि तुम्ही घरात पेढे वाटले असते तरी चालले असते. इंग्रज माणसाच्या लेखी ‘क्वाइट’ बऱ्याचदा ‘तसे बरे’ या बाजूला झुकते. तुमचे पाहुणे इंग्रज होते. म्हणून मन लहान करू नका. पण पुढच्या खेपेला इंग्लंडचे कुणी आले तर जाताना काय हवे-नको ते तोंडाने विचारून घ्या. सरळ तक्रार करायची त्यांच्यातल्या अनेकांना सवय नसते, आणि गादी कडक होती की पंखा आवाज करत होता हे त्या एका शब्दामागे राहून जाते.

जेवणाच्या कागदावर फार वेळ घालवू नका. ‘ब्रिंजल’ हा पोर्तुगीज शब्दावरून आपल्या किनाऱ्यावर रुळलेला शब्द. इंग्लंडात वांग्याला ‘ओबर्जीन’ म्हणतात, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ‘एगप्लांट’. कोळंबी इंग्लंडला आणि ऑस्ट्रेलियाला ‘प्रॉन’, अमेरिकेला बहुधा ‘श्रिम्प’. ‘कर्ड’ऐवजी ‘योगर्ट’ लिहा. ‘आँत्रे’ हा शब्द टाळाच, कारण अमेरिकेत तो मुख्य जेवण आणि ऑस्ट्रेलियात सुरुवातीचा पदार्थ. सोलकढी, तिरफळ, घावणे ही नावे मात्र तशीच राहू द्या आणि खाली एका ओळीत काय आहे ते सांगा. पाहुणा इतक्या लांबून येतो तो हे शब्द तोंडी बसवायलाही येतो. तारखांपुरती एक सूचना आहे आणि ती कळकळीने करते: महिना नेहमी अक्षरांत लिहा. ४/७ म्हणजे आपल्याला चार जुलै, अमेरिकनाला सात एप्रिल.

स्पेलिंगपुरते तुम्ही ब्रिटिशच धरा. तुम्ही तेच शिकलात, आपली पाठ्यपुस्तके आणि कचेऱ्या तेच वापरतात, आणि ‘कलर’मध्ये ‘यू’ पाहून कोणताही अमेरिकन पाहुणा अडखळत नाही. तो ‘यू’ अमेरिकेत गळला त्यात नोआ वेब्स्टर यांचा मोठा वाटा होता. १८२८ साली त्यांचा मोठा कोश निघाला तेव्हा आपल्या देशाची लिखाणाची रीत आपली असावी हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह त्यांचा. तुम्ही त्यांच्यासाठी सवय बदलण्याची गरज नाही. तसेच आपल्या इंग्रजीतले सगळेच शब्द टाकून द्यायचे नाहीत. ‘प्रीपोन’ हा शब्द भारतातला आहे, सुटसुटीत आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशांतही आला आहे. परदेशी पाहुण्याला मात्र ‘अर्लिअर’ लिहावे, कारण प्रश्न त्याला कळण्याचा आहे.

मुलीच्या दुरुस्त्यांनी तुम्हाला ओशाळल्यासारखे होते, असे तुमच्या पत्राच्या सुरातून जाणवले. ती शहरातल्या कचेरीत एकच कान ऐकते, तुम्ही वर्षाला चार देशांचे कान ऐकता. तिच्याकडून शब्द जरूर घ्या, पण कुणाला काय कळले नाही याचा अनुभव तुमचाच मोठा आहे, तो तिलाही सांगा. आणि खेड्यातल्या बाईने इंग्रजी लिहावे का, ही शंका मनात ठेवू नका. तुमच्या शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा एकाच पानावर एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी होता. या किनाऱ्यावरच्या माणसाने दोन भाषा शेजारी शेजारी मांडण्याला दोनशे वर्षे होत आली.

राहिला तो ‘हाफ सिक्स’. ब्रिटिश बोलण्यात ‘हाफ पास्ट सिक्स’मधला मधला शब्द गळतो, म्हणजे आपले साडेसहा. अमेरिकन माणूस सहसा असे म्हणत नाही. जर्मन पाहुणा म्हणाला तर पुन्हा विचारून घ्या, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत याच धाटणीचा शब्द साडेपाचसाठी आहे. तुमचे जोडपे ब्रिटिश आहे, तरी उत्तरात ‘वुई विल एक्स्पेक्ट यू अ‍ॅट सिक्स थर्टी इन द ईव्हनिंग’ असे पूर्ण लिहा आणि गाडीने येत असतील तर शेवटच्या वळणाची खूण सांगा. डिसेंबरात त्या वेळेपर्यंत तुमच्याकडे अंधार पडलेला असतो, तेव्हा खळ्यातला दिवा लावून ठेवा. आणि खालची खोली त्यांना द्यायची की माडीवरची, ते पायऱ्यांचा आकडा लिहून आजच विचारा.